कॅबिनेटमधला उजेड : एक प्रस्तावना

संगणकाच्या कॅबिनेटला एका बाजूने काच आली आणि आत काय दिसते याची काळजी माणसाला लागली. त्याआधी कॅबिनेट म्हणजे टेबलाखाली ढकललेला पिवळट पत्र्याचा डबा. आत धूळ किती, वायरी कशा गुंतल्या आहेत, हे दुरुस्तीवाल्याखेरीज कोणी पाहत नसे. आज इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, मध्यम किमतीचा असेंबल्ड पीसी मागितला की पुढ्यात येते ते बहुधा काचेचे कॅबिनेट, आणि त्याचे पंखे आधीपासूनच रंगीत. देवासच्या पुढे, भोपाळ रस्त्यावरच्या सोनकच्छसारख्या तहसिलीच्या गावी माल इंदूरहून किंवा कुरियरने यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला निवडीला वाव आणखीच कमी. कॅबिनेट येते ते लायटिंगसकट. तेव्हा संगणकात दिवे हवेत की नकोत, या वादात आता फारसा अर्थ उरलेला नाही. दिवे आलेले आहेत. ते नीट कसे असावेत, एवढेच आपल्या हातात आहे. कॅबिनेटच्या आत आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडींची पट्टी बसवणे आणि तिचा उजेड विखरून मऊ करणे, या दोन छोट्या कामांची माहिती पुढच्या पानांत आहे. त्यांतले दुसरे काम लोक हौसेचे, वेळ उरला तर करायचे म्हणून सोडून देतात. माझ्या मते खरे काम तेच आहे. ते करायचे नसेल तर पट्टी न लावलेली बरी.

हे मत आवडीनिवडीपुरते नाही, मोजून पाहता येण्यासारखे आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतक्या फरकाने असलेले दोन बिंदू वेगवेगळे ओळखता येतात. बाजारातल्या नेहमीच्या पट्टीवर मीटरला ६० एलईडी असतात; म्हणजे एका एलईडीच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १६.७ मिलिमीटर. एका कलेच्या हिशोबाने हे ठिपके मिसळून सलग रेघ दिसायची तर बघणाऱ्याला ५७ मीटर मागे सरकावे लागेल. दाट पट्टी घेतली, मीटरला १४४ एलईडींची, तरी २४ मीटर. टेबलाशी बसलेल्या माणसाचे डोळे कॅबिनेटपासून दोन-अडीच फुटांवर असतात. तिथून ठिपके दिसू नयेत असे वाटत असेल तर दोन एलईडींमध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी अंतर हवे, आणि ५०५० नावाने मिळणारा एकेक एलईडीच ५ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ‘जास्त दाट पट्टी लावू, आपोआप एकसारखे दिसेल’ हा हिशोब मुळातच चुकीचा आहे. कितीही पैसे टाकले तरी उघड्या पट्टीचे ठिपके घरातल्या कोणत्याही अंतरावरून ठिपकेच दिसणार.

ठिपके दिसले तर बिघडले काय? बिघडते असे की डोळा सगळ्यांत भगभगीत बिंदूशी जुळवून घेतो आणि बाकीचे सगळे त्याला काळोखे दिसू लागते. लायटिंग ज्याच्यासाठी करायचे ते ग्राफिक्स कार्ड, नीट बांधलेल्या वायरी, हीटसिंकच्या पात्या हे मागे पडते; नजरेत भरते ती फक्त दिव्यांची रांग. एलईडीची प्रकाश सोडणारी गोल खिडकी जेमतेम ४ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साडेबारा चौरस मिलिमीटरची. तोच उजेड १० मिलिमीटर रुंदीच्या दुधी पट्टीवर पसरला तर प्रत्येक एलईडीच्या वाट्याला १६७ चौरस मिलिमीटर येतात. उजेड तेवढाच, पण तेरापट जागेवर वाटलेला. डोळ्याला बोचणारी प्रखरता त्याच हिशोबाने उतरते. शिवाय काचेच्या कॅबिनेटात एक वेगळीच गंमत असते. आत समोरासमोर गुळगुळीत पृष्ठभाग असतात: बाजूची काच, ग्राफिक्स कार्डाची चकचकीत पाठ, कुलरचे झाकण. उघड्या पट्टीचा प्रत्येक ठिपका या सगळ्यांत पुन्हा एकदा उमटतो. तीस एलईडी लावले तरी डोळ्यांपुढे साठ-सत्तर ठिपके नाचत असतात, आणि ते कुठून आले हे शोधताना माणूस चक्रावतो.

दुधी अॅक्रेलिकच्या आत वेगळ्या वक्रीभवनांकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. प्रकाशकिरण आत शिरला की या कणांवर आदळत, वळत, पुन्हा वळत बाहेर पडतो. बाहेर पडताना तो कुठल्या दिशेने आला होता याची खूण राहत नाही. अॅक्रेलिकचा प्रत्येक बिंदू मग स्वतःच चहूकडे प्रकाश टाकू लागतो. नुसती घासून खरखरीत केलेली पारदर्शक पट्टी हे काम अर्धवट करते, कारण तिथे किरण फक्त पृष्ठभागावर वळतो. मागचा ठिपका धूसर होतो, जात नाही. पण पुष्कळांची फसगत पदार्थात होत नाही, अंतरात होते. एलईडीवर दुधी कागद थेट चिकटवला तर काहीच साधत नाही. दिव्यापासून झाकणापर्यंत प्रकाशाला पसरायला जागा लागते, आणि कारागिरांचा ढोबळ नियम असा की ती जागा निदान दोन एलईडींमधल्या अंतराएवढी हवी. मीटरला ६० ची पट्टी असेल तर १७ मिलिमीटर खोल खाच लागते, आणि कॅबिनेटात एवढी जागा क्वचित मिळते. १४४ ची असेल तर ७ मिलिमीटर पुरतात. दाट पट्टीचा खरा उपयोग हा आहे: ती ठिपके घालवत नाही, ते घालवायला लागणारी जाडी कमी करते. सीओबी पट्टीत चिप्स एकमेकींना खेटून बसवलेल्या असतात आणि वरून सलग थर दिलेला असतो, त्यामुळे तिथे हे अंतर आणखी घटते.

मराठी घराला हे तत्त्व नवे नाही. आपला आकाशकंदील त्यावरच उभा आहे. कामट्यांच्या सांगाड्याच्या मधोमध झिरोचा बल्ब, कागद त्याच्यापासून चार-सहा इंच दूर, म्हणून कंदिलाची प्रत्येक बाजू काठापर्यंत उजळते आणि बल्ब कुठे आहे ते कळत नाही. बल्ब कागदाला टेकला की तिथे एक प्रखर डाग पडतो आणि कोपरे काळे राहतात. कंदील बिघडला हे सांगायला प्रकाशशास्त्र लागत नाही. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातींची राज्ये होती, शेजारी इंदूरला होळकर. त्यांच्याबरोबर माळव्यात रुजलेल्या मराठी घरांच्या गच्चीवर हा कंदील पिढ्यान् पिढ्या लागत आला. त्याच घरातला मुलगा कॅबिनेटात उघडी पट्टी चिकटवतो तेव्हा आजीला ठाऊक असलेली गोष्ट तो विसरलेला असतो, असे म्हटले तर त्याने रागावू नये.

इतिहासही याच बाजूने बोलतो. पंचवीस वर्षांपूर्वी हौशी लोकांनी पत्र्याच्या कॅबिनेटला जिगसॉने खिडकी कापून आत दिवे लावायला सुरुवात केली, तेव्हा एलईडीच्या पट्ट्या हाताशी नव्हत्या. पहिला दृश्य लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. पण झगझगीत निळा मिळायला १९९० नंतरचा काळ उजाडावा लागला, आणि निळ्याशिवाय ना पांढरा ना पूर्ण आरजीबी. त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एलईडीच्या पट्ट्या येईपर्यंत कॅबिनेटांत वापरत त्या कोल्ड कॅथोड नळ्या, पेन्सिलीहून बारीक, फूटभर लांबीच्या. त्यांना शेकडो व्होल्टचा इन्व्हर्टर लागे, नळी फुटे, रंग एकच, तोही नळी घेताना ठरलेला. एलईडीने या सगळ्या अडचणी संपवल्या. पण त्या नळीचा एक गुण होता: आतल्या लेपामुळे ती टोकापासून टोकापर्यंत सारखी उजळे. पट्टी आली आणि तो गुण हरवला. तंत्र पुढे गेले, रोषणाई दिसायला मात्र मागे आली. दुधी झाकण लावतो तेव्हा आपण नळीत फुकट मिळत होते तेवढेच परत मिळवतो. त्याला चैन म्हणण्याचे कारण नाही.

यावर माळव्यातला वाचक इंदूरच्या झांक्यांचे उदाहरण देईल, आणि ते देण्याजोगेच आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, रस्त्यावर येण्याची परंपरा शंभर वर्षांच्या घरातली. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही गेल्या, पण गिरण्यांच्या नावाच्या झांक्या निघत राहिल्या. तिथे हजारो उघडे दिवे लखलखतात, आणि कोणी तक्रार करत नाही. उलट तेच पाहायला माणसे रात्र जागतात. मग कॅबिनेटातल्या तीस दिव्यांचे एवढे काय? फरक अंतराचा आणि वेळेचा आहे. झांकी पाहणारा गर्दीत, लांब उभा असतो; झांकी पुढे सरकते, आणि गर्दीतून नजर खेचून घेणे हेच तिचे काम असते. कॅबिनेट हाताच्या अंतरावर तासन् तास तिथेच असते, आणि माणसाची नजर पडद्यावर राहावी हे त्याचे काम. डोळ्याची कड हालचालीला फार जागी असते. म्हणूनच नवा पीसी चालू केल्याबरोबर पट्टीवर जे इंद्रधनुष्य पळू लागते ते पाच मिनिटांत डोके उठवते. पळते रंग हा मला या साऱ्या प्रकारातला सर्वांत वाईट शोध वाटतो. एकच रंग, स्थिर, आणि उजळपणा वीस टक्क्यांच्या आसपास: पट्टीच्या १,६७,७७,२१६ रंगांपैकी एवढाच खरा कामाचा.

सगळ्यांत जुना आक्षेप दिखाऊपणाचा. दिव्यांनी संगणक एका फ्रेमनेही वेगवान होत नाही, मग पैसे कशाला घालवायचे? वेग वाढत नाही, हे खरेच आहे, आणि तसे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या दुकानातून उठून यावे. पण घरात सतत डोळ्यांसमोर असणारी वस्तू बरी दिसावी ही अपेक्षा वेगापेक्षा कमी दर्जाची आहे, हे कोणी सिद्ध केलेले नाही. शिवाय या आक्षेपाचा रोख बहुतेक वेळा उजेडावर नसतो, भपक्यावर असतो, आणि भपका उघड्या ठिपक्यांचा आणि पळत्या रंगांचा असतो. विखुरलेला स्थिर उजेड आत शिरल्यावर कॅबिनेट खोलीत मिसळून जाते. ज्याला तेही नको त्याने मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे दिवे बंद करावेत. काळोखे कॅबिनेट हा पूर्णपणे सभ्य निर्णय आहे. मी त्याला उघड्या पट्टीच्या पुष्कळ वर ठेवतो.

वीज आणि उष्णता यांचा आक्षेप आकड्यांनी लगेच निकालात निघतो. ५ व्होल्टच्या नेहमीच्या पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला तर ६० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. अर्ध्या मीटरला तीस एलईडी, म्हणजे १.८ अँपिअर, म्हणजे ९ वॅट. रोज चार तास पूर्ण पांढरी पट्टी चालवली तरी महिन्याला एका युनिटच्या थोडे वर. वीस टक्के उजेडावर एकच रंग ठेवला तर वॅटभरही लागत नाही. ज्या डब्यात ६५ वॅटचा प्रोसेसर आणि शंभर-दीडशे वॅटचे ग्राफिक्स कार्ड तापते आहे, तिथे या वॅटभराने तापमान वाढते असे म्हणणे म्हणजे ताकातून लोणी काढून झाल्यावर पाण्याचा हिशोब मागणे. मात्र उलट दिशेचा त्रास खरा आहे: पट्टी कॅबिनेटला तापवत नाही, कॅबिनेट पट्टीला तापवते. ग्राफिक्स कार्डाचा गरम वारा जिथून जातो तिथे चिकटवलेली पट्टी मे महिन्यात गोंद सोडते आणि पंख्यात लोंबते. जागा निवडताना हा वारा आधी हाताने तपासावा, आणि पत्रा स्पिरिटने पुसल्याशिवाय टेप लावू नये. दुधी झाकण पंख्यांच्या जाळीवर येता कामा नये, हे वेगळे सांगायला नको.

विखुरण्याविरुद्ध गंभीर म्हणावा असा आक्षेप एकच: झाकण उजेड खाते. खाते, आणि दुधीपणा जितका जास्त तितके जास्त खाते. रस्त्यावरच्या पाटीसाठी किंवा अभ्यासाच्या दिव्यासाठी हा तोटा मोठा ठरेल. पण इथे उजेडाला जेमतेम वीतभर जायचे आहे, आणि पट्टी वीस टक्क्यांवर चालवायची असे आपण आधीच ठरवले आहे. झाकणाने निम्मा उजेड खाल्ला तर चाळीस टक्के करा; हातात अजून साठ शिल्लक आहेत. यापेक्षा मोठी गळती काळ्या रंगाची असते. कॅबिनेटचा आतला पत्रा काळा असतो आणि त्यावर पडलेला प्रकाश परत येतच नाही. म्हणून पट्टी मागच्या पत्र्याकडे न फिरवता, काचेच्या बाजूच्या चौकटीच्या आतल्या ओठाला, आतल्या भागांकडे तोंड करून बसवायची. बघणाऱ्याला ओठामुळे पट्टी दिसत नाही, दिसतात ती उजळलेली यंत्रे. घरोघरच्या पीओपीच्या छतात कडेला दिवे लपवतात ते याच कारणाने, आणि त्या छतवाल्याला कोणी उधळ्या म्हणत नाही.

माळव्याच्या हवेचा विचार केला तर आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ दारे लावली तरी आत येते, आणि उघड्या पट्टीच्या एलईडी-एलईडीमधल्या खाचांत ती अशी बसते की ब्रशने निघत नाही. गुळगुळीत झाकण फडक्याने एका हाताने पुसता येते. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. सोयाबीनच्या शेतांच्या कडेला घर असेल तर संध्याकाळी दिव्यावर किडे येणारच. किडे निळ्या-जांभळ्या उजेडाकडे जास्त ओढले जातात, पिवळ्या-तांबड्याकडे कमी. तेव्हा श्रावण-भाद्रपदात पट्टीचा रंग पिवळसर-केशरी ठेवणे हा फुकटचा उपाय आहे. निळा टाळायला दुसरेही कारण सापडते. डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवर निळा ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात आणि भिंगही निळ्याला बाकीच्या रंगांबरोबर नेमके जुळवत नाही, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत निळे दिवे धूसर आणि टोचरे दिसतात. तरीही बाजारात सगळ्यांत जास्त मिरवतो तो निळाच, ही गोष्ट वेगळी.

सामानाबद्दल थोडे. तयार सिलिकॉनच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमचे प्रोफाइल सगळीकडे मिळतात, पण सोनकच्छच्या माणसाने त्यांच्यासाठी इंदूर गाठायचे कारण नाही. बहुतेक गावांत दुकानांच्या उजळणाऱ्या पाट्या करणारा एखादा तरी असतो, आणि त्याच्याकडे ३ मिलिमीटरच्या दुधी अॅक्रेलिकचे उरलेले तुकडे पडलेले असतात. दहा-बारा मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापून द्यायला त्याला पाच मिनिटे लागतात. त्याला फक्त एक सांगावे: तुकड्यामागे दिवा धरून पाहू द्या. ज्या तुकड्यातून दिव्याची आकृती ओळखता येते तो आपल्या कामाचा नाही.

शेवटी तो धोका, ज्यापायी पट्ट्या जळतात. मदरबोर्डवर लायटिंगची दोन जातींची हेडर, म्हणजे पट्टीची वायर जोडायच्या पिनांच्या जागा, असतात. एक चार पिनांचे, १२ व्होल्टचे. त्यावर सगळी पट्टी एकाच रंगात पेटते. दुसरे तीन पिनांचे, ५ व्होल्टचे. त्यावर प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येतो. दोन्ही बहुधा ३ अँपिअरपर्यंतची, पण आपल्या बोर्डाची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत पाहावी. ५ व्होल्टची पट्टी १२ च्या हेडरवर जोराने बसवली तर ती त्या क्षणी जाते, आणि दुकानदार ती परत घेत नाही. ५ व्होल्टची पट्टी लांब केली तर टोकाकडचा पांढरा तांबूस होतो, कारण निळ्या आणि हिरव्या चिपांना लाल चिपेपेक्षा जास्त व्होल्ट लागतात आणि लांबीबरोबर ते घटत जातात. कॅबिनेटात मीटरच्या आत राहिले की हा त्रास जवळजवळ होत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची लायटिंगची सॉफ्टवेअरे एकमेकांना ओळखत नाहीत. ओपनआरजीबी हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच बोर्डांवर चालते, आधी ते करून पाहावे. पुढची पाने वाचायला घेण्याआधी संगणक बंद करा, मागची पिन काढा, बाजूची काच उतरवा आणि मदरबोर्डच्या कडेला हेडरपाशी १२ व्होल्ट छापले आहे की ५, ते बॅटरीच्या उजेडात वाचून कागदावर लिहून ठेवा. पट्टी त्यानंतरच विकत घ्या.